पाटाचं घड्याळ

पाटाची फळी पायाखाली दाबून मी करवत लावली, तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, पाटाला पाय काय लावता! ओवाळायचा पाट आहे तो."

"इतकी वर्षं सगळे त्यावर बसलेच ना?"

"बसणं वेगळं."

मी पाटाला मुकाट्याने नमस्कार केला आणि फळी टेबलाच्या कडेला आवळून बांधली.

घरात जेवायचं टेबल आल्यापासून हा सागवानी पाट माळ्यावर पडून होता. खालची एक पट्टीही निखळली होती. त्याचं कपाटावर ठेवायचं छोटं घड्याळ करावं, असं परवा मनात आलं. कापून झाल्यावर पॉलिश पेपर घेऊन घासायला बसलो, तर मधला भाग आधीच गुळगुळीत! आजोबा, काका, भाऊबीजेला आम्ही भावंडं, नवे जावई, सगळ्यांनी पोटभर जेवता जेवता तो घासून ठेवला होता. तेवढ्या भागाला मी कागद लावलाच नाही. वेळ पळते म्हणतात. इथे तर ती चांगली मांडी घालून बसलेली होती. मी फक्त तिला काटे लावले.

आता ते घड्याळ टेबलासमोरच्या कपाटावर असतं. काल दुपारी मी पेपरात डोकं घालून बसलो होतो. बायकोने आमटीचं पातेलं टेबलावर ठेवलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "उठा आता, पाट वाट बघतोय."