पिवळ्या पाटीची गाडी

तेरखेड्याच्या फाट्यावर थांबणाऱ्या ड्रायव्हरांना शांताक्काचं आडनाव विचारलं तर सांगता यायचं नाही, पण तिच्या शेंगाचटणीची चव मात्र प्रत्येकाच्या तोंडी. बाई मूळची उमरग्याकडची. अर्धं कन्नड, अर्धं मराठी अशा घरात वाढलेली. लग्न होऊन इकडं आली तेव्हा गावात शोभेच्या दारूचा वास दरवळायचा आणि तिचं डोकं चढायचं. पुढं गावच्या बायांसोबत तीही फटाक्याच्या कारखान्यात पुंगळ्या वळायला जाऊ लागली. काही वर्षांनी ते काम सोडलं आणि नवरा धोंडप्पाला सोबत घेऊन हायवेच्या कडेला खानावळ टाकली. तिनं चूल सांभाळायची आणि त्यानं गल्ला, चहा आणि गप्पा, अशी वाटणी.

कारखाना सुटला तरी तिथली एक शिकवण तिच्या हाडात भिनली होती. आवाज झाला की पळायचं. एक उडालं की शेजारचं उडतंच, म्हणून मागं वळून बघायचं नाही. कोण राहिलं, काय राहिलं, हे लांब गेल्यावर.

तालुक्याच्या गावी, वाशीला, तहसीलात आपत्तीचं प्रशिक्षण होतं, तेव्हा जेवणाचं काम तिच्याकडं आलं. गावोगावचे पोलीस पाटील, ग्रामसेवक, तरणी पोरं खुर्च्यांवर बसली होती. शिकवायला धाराशिवहून जाई मॅडम आल्या होत्या. वयानं लहान, अंगानं किरकोळ, पण आवाज खणखणीत. भूकंपाचं सांगून झालं, पुराचं झालं, वीज पडण्याचं झालं. शेवटी मॅडमनी पडद्यावर एक पिवळी पाटी दाखवली. तिच्यावर पंख्याच्या तीन पात्यांसारखं काळं चिन्ह. तेवढ्यात त्यांची नजर व्हरांड्यात पातेली घेऊन उभ्या असलेल्या शांताक्काकडं गेली.

"आक्का, जेवण झाकून ठेवा अन् आत येऊन बसा."

"आमचं काय काम मॅडम तिथं?"

"रस्त्याच्या कडेला दिवसभर तुम्हीच असता की. ग्रामसेवक काय हायवेवर बसत नाहीत."

सगळे हसले. ग्रामसेवकही हसले आणि सरकून त्यांनी जागा करून दिली. शांताक्का पदराला हात पुसत खुर्चीच्या कडेवर टेकली.

मॅडम सांगत होत्या की पाइपलाइनचे जोड पक्के आहेत का ते बघायला, तसंच दवाखान्यात कॅन्सरच्या गाठी जाळायला किरणं सोडणारा पदार्थ वापरतात. तो जड, जाडजूड पेटीत बंद असतो आणि कधी कधी याच रस्त्यावरून जातो. पेटी धड असेल तर भिण्याचं फारसं कारण नाही. पेटी फुटून आतलं बाहेर पडलं तर मात्र वाईट, कारण त्याला ना वास, ना आवाज, ना रंग.

"आक्का, चुलीची धग लागू नये म्हणून तुम्ही काय करता?"

"लांब सरकते. न्हायतर झटक्यात भाकरी काढते."

"आणि?"

"मधी कायतरी आडवं धरते."

"झालं! किरणांचंही हेच. लांब राहायचं, जवळ जावंच लागलं तर कमी वेळ जायचं, मधे आडोसा धरायचा." मग मॅडमनी एक गोष्ट दोनदा सांगितली. "अशा गाडीला अपघात झाला आणि माणूस अडकला असेल तर जीव आधी. पेटीला हात लावायचा नाही, पण पेटीच्या भीतीनं माणसाला मरू द्यायचं नाही. त्याला काढा, लांब न्या, फोन करा, गर्दी मागं हटवा. आणि हे काय रोगासारखं एकाचं दुसऱ्याला लागत नाही. कंदिलाचा उजेड अंगावर पडला म्हणून आपण काही कंदील होत नाही."

त्या दिवशी आमटी थोडी गार झाली एवढंच. घरी आल्यावर शांताक्का हे सगळं विसरूनही गेली असती. पण उन्हाळा लागला आणि भर दुपारी फाट्याच्या अलीकडं एक पिकअप गाडी उलटली.

टायर फुटल्याचा आवाज आला तेव्हा शांताक्का भाकरी थापत होती. बाहेर येऊन बघते तर गाडी कडेच्या चारीत आडवी पडलेली, चाकं अजून फिरताहेत. अपघात झाला की धावत जायचं हा या फाट्याचा जुना रिवाज. लोक धावलेच. पंक्चरचं दुकान चालवणारा मल्लिनाथ सगळ्यात पुढं होता. पण गाडीच्या अंगावरची पिवळी पाटी दिसली आणि तो जागच्या जागी थबकला.

"अरं, अणुबॉम्ब हाय! पळा!"

ज्या पायांनी लोक आले त्याच पायांनी माघारी पळाले. फटाक्याचं गाव ते. पळावं कसं हे तिथं कुणाला शिकवावं लागत नाही. शांताक्काही पळाली. खानावळीच्या पत्र्याआड पोचली आणि मग तिच्या कानावर आवाज आला.

"अव्वा... अव्वा..."

गाडीतला माणूस कन्नडमध्ये आईला हाका मारत होता.

तिचं सगळं अंग सांगत होतं, पळ. आणि त्याच वेळी जाई मॅडमचा खणखणीत आवाज आठवत होता, जीव आधी. बरं, मॅडमनी सांगितलं ते खरंच असेल कशावरून? त्या तर कधी अशा गाडीजवळ गेल्या नसतील. पण इतक्या माणसांत बसवून, चुलीची उपमा देऊन, खोटं कशाला सांगतील?

"काय करलालीस?" धोंडप्पा ओरडला, कारण ती पदर खोचून निघाली होती.

"पोरगं अडकलंय. तुमी एकशेबाराला फोन लावा. पिवळी पाटी हाय म्हणून सांगा, तीन पात्याची. आन् लोकांला हिकडं येऊ देऊ नका."

"मरशील ना!"

"मरत न्हाय. तो बॉम्ब न्हाय, मॅडमनी सांगितलंय. फोन लावा आधी."

ती आधी लांबूनच गाडीभोवती फिरली. मागच्या बाजूला लोखंडी पेटी साखळ्यांनी आवळलेली होती. पेटी तिरकी झाली होती, पण साखळी तुटली नव्हती, झाकण उघडलं नव्हतं. निदान तिला तरी तसं दिसलं. पेटीकडं पाठ करून ती पुढच्या बाजूनं केबिनशी गेली. आत शिवकुमार नावाचा तरणा टेक्निशियन होता. एकटाच गाडी चालवत निघालेला. त्याचा पाय दबलेल्या पत्र्यात अडकला होता आणि कपाळातून रक्त वाहत होतं. ती त्याच्याशी कन्नडमध्ये बोलली. आपल्या भाषेतला शब्द ऐकून त्याचे डोळे भरले. तो एवढंच म्हणाला की पेटीला हात लावू नका.

"तुझ्या पेटीशी मला काय करायचंय? तू हल."

पण त्याला हलता येईना आणि तिच्यानं पत्रा उचलेना. एवढ्यात रस्त्यावरून मल्लिनाथची हाक आली. "आक्का, काय पायजे?"

"जॅक आण! तिथं ठेव आन् माघारी जा."

मल्लिनाथ जॅक घेऊन आला, पण तो ठेवून माघारी गेला नाही. थेट केबिनपाशी येऊन त्यानं जॅक पत्र्याखाली सारला. ओठ पुटपुटत होते, पण पत्रा वर आला. दोघांनी मिळून शिवकुमारला ओढून काढलं, केबिनमधल्या चादरीत घातलं आणि वाऱ्याच्या उलट अंगाला, दूरच्या लिंबाखाली नेलं. अॅम्ब्युलन्सवाल्यांना फोनवरच सगळं कळलं होतं, त्यामुळं तेही न घाबरता आले आणि त्याला धाराशिवला घेऊन गेले.

तासाभरात सगळ्यांच्या मोबाइलवर एकच निरोप फिरू लागला, 'तेरखेड्यात अणुगळती, गाव सोडा.' कुणी दारंखिडक्या लावून घेतल्या, कुणी जीपमध्ये गाठोडी भरली. कुणी म्हणालं आयोडीन लागतं, तर एकानं जखमेवर लावायचं आयोडीन सगळ्या हातापायांना फासलं. जाई मॅडम आल्या त्या सरळ मारुतीच्या देवळाच्या भोंग्यावर गेल्या.

"जे कळलंय ते सांगते आणि जे अजून कळलं नाही तेही सांगते," त्या म्हणाल्या. "गाडीत किरणांची पेटी आहे. ती बाहेरून धड दिसतेय. आतून धड आहे का, ते मीटर घेऊन पथक आलं की कळेल. गाव सोडायची गरज नाही. फक्त त्या चारीकडं कुणी जाऊ नका, जनावरं सोडू नका. पथकानं मोजलं की मी परत इथूनच सांगेन. तोवर दुसऱ्या कुणाचं ऐकू नका."

गाठोडी भरलेली जीप तशीच उभी राहिली. दिवस मावळायच्या आत मॅडम परत भोंग्यावर आल्या. पथकानं मोजलं होतं, पेटी शाबूत होती, काही सांडलं नव्हतं. गावानं सुटकेचा श्वास टाकला.

पण शांताक्काची परीक्षा तर पुढंच होती.

दुसऱ्या दिवशी खानावळीत चिटपाखरू फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी नेहमीचा एक ट्रकवाला आला, दारातून चहा मागितला आणि कागदी कपातच द्या म्हणाला. शांताक्काच्या हाताला किरणं लागलीत, भाकरीत उतरतील, अशी कुजबुज होती. मल्लिनाथची तऱ्हा आणखी वेगळी. तो बोअरच्या पाण्याखाली उभा राहून लिंबाच्या पाल्यानं अंग घासघासून लाल करून बसला होता. पेटीचं भय गेलं होतं, माणसांचं राहिलं होतं.

हेही तिनं सोसलं असतं. पण अक्कलकोटहून विहिणीचा, रुद्रम्माचा फोन आला. शांताक्काची लेक उमादेवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती.

"राग मानू नका," रुद्रम्मा म्हणाल्या, "पण पोरगी सध्या हितंच राहू द्या. पोटातल्या जिवाला काय झालं तर?"

शांताक्कानं फोन ठेवला आणि चुलीपुढं बसून आपले तळवे बघत राहिली. एकाचं दुसऱ्याला लागत नाही, हे तिला ठाऊक होतं. तरी मन म्हणत होतं, खरंच काही असलं तर? आपल्या नातवंडाला आपणच नडलो तर?

धोंडप्पा आयुष्यभर तिची चेष्टा करत आलेला माणूस. त्या दिवशी चेष्टा केली नाही. त्यानंच जाई मॅडमना फोन लावला.

मॅडम पथकातल्या एका माणसाला आणि मीटरला घेऊनच आल्या. फाट्यावरचे लोक लांबून बघत होते. मॅडमनी त्यांना हाक मारून जवळ बोलावलं. मीटर चालू झालं, टक... टक टक... टक. बाया दचकल्या.

"हा आवाज सगळीकडं येतो," मॅडम म्हणाल्या. "मातीत, दगडात, आपल्या सगळ्यांत थोडं असतंच." मीटर आधी त्यांनी पायरीच्या दगडाला लावलं, मग धोंडप्पाच्या पोटाला, मग लांब उभ्या असलेल्या ट्रकवाल्याच्या छातीला. तोच आवाज. मग शांताक्काचे दोन्ही तळवे उघडून त्यावर धरलं. तोच आवाज, ना कमी ना जास्त. मल्लिनाथ स्वतःच शर्ट काढून पुढं आला. त्याचाही तोच. लोक हसायला लागले.

"हे त्याच दिवशी करायला हवं होतं," मॅडम हळूच तिला म्हणाल्या. "पेटीचं सांगितलं, माणसांचं सांगायचं राहून गेलं. माझं चुकलं."

"चुकलं काय त्यात? तुमी त्या दिवशी मला आत बशीवलं नसतं तर ते पोरगं गेलं असतं. म्या पत्र्याआड बसून ऐकत राहिले असते."

विहिणीशी बोलायची वेळ आली तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मी नाही बोलत. तुम्हीच बोला, मी शेजारी बसते." शांताक्कानं मोजकं सांगितलं, कन्नडमध्ये, चुलीच्या धगीसकट. पलीकडून रुद्रम्मांनी सगळं ऐकून घेतलं. बघते, एवढंच म्हणाल्या.

आठवडाभरानं भर जेवणाच्या वेळी रुद्रम्मा खानावळीच्या दारात उभ्या. एकट्याच. बाकावर बसल्या, जेवायला वाढा म्हणाल्या. शांताक्कानं ताट केलं. रुद्रम्मांनी तिच्या हातची भाकरी मोडली, चटणी लावली, सावकाश खाल्ली. मधे मधे विचारत राहिल्या, पेटीपासून किती लांब होता, मीटर कसं वाजलं, मॅडम काय म्हणाल्या. शांताक्कानं काही झाकून ठेवलं नाही. आपण किती भ्यालो, तेही सांगितलं. दुसरी भाकरी संपली तशी विहीणबाईंनी हात धुतला.

"उमा गाडीत बसलीय तिकडं," त्या म्हणाल्या. "मनाचं ठरत नव्हतं म्हणून उतरवली नव्हती. बोलवा तिला."

शांताक्का उठली. तिनं विहिणीचे दोन्ही हात धरले आणि तशीच बाहेर धावली.

श्रावणात उमादेवीला मुलगी झाली. बारशाला अख्खा फाटा लोटला. मल्लिनाथनं मंडपाच्या दोऱ्या बांधल्या, कागदी कपातला ट्रकवाला वाढपी झाला, आणि शिवकुमार कुबडी घेऊन आपल्या आईला सोबत घेऊन आला. त्याची आई शांताक्काच्या पाया पडायला वाकली तशी तिनं तिला वरच्या वर धरलं आणि गर्दीतून जाई मॅडमना ओढून पुढं केलं. "ह्यांच्या पडा. म्या फकस्त ऐकलं." मॅडम लाजून मागं सरकायला लागल्या, त्यांच्या मागं जागा नव्हती, आणि दोन्ही बाया त्यांना धरून हसत-रडत उभ्या राहिल्या.