डीडी सर आणि हरसूलच्या फ्लॉप्या

डीडी सर संगणकाचा माऊस टेबलाच्या खणात ठेवून देत. आमच्या नाशिकच्या कॉलेजात ते संगणक प्रयोगशाळेचे सहायक होते, मी तिथलीच कारकून. काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची, एन्टर दाबायचं आणि हात मागे बांधून उभं राहायचं, ही त्यांची पद्धत. ‘डीडी’ ही त्यांची आवडती कमांड. अख्खी फ्लॉपी जशीच्या तशी एका फाइलमध्ये उतरवणारी. त्या फाइलला ते ‘इमेज’ म्हणत. पोरांनी कमांडचं नाव त्यांनाच चिकटवलं.

ही कमांड ज्यात होती ते सॉफ्टवेअर फुकट मिळायचं, म्हणून काहीजण हसत. सर शांतपणे सांगत, “फुकट आहे म्हणून नाही वापरत. उद्या मी नसलो, तरी कुठल्याही मशीनवर ही फाइल उघडेल, म्हणून वापरतो.” प्रत्येक कमांड त्यांनी मराठीत समजावून वहीत लिहून ठेवली होती. मूळ आणि प्रत तंतोतंत जुळल्याशिवाय ते जागचे हलत नसत.

एकदा हरसूलहून गावितबाई आल्या. शाळेत शिकवायच्या. त्यांचे वडील जंगलातली औषधं द्यायचे. त्यांनी सांगितलेली झाडांची कोकणा आदिवासींच्या बोलीतली नावं आणि उपयोग बाईंनी टाइप करून पाच फ्लॉप्यांत ठेवले होते. फ्लॉप्यांना बुरशी आलेली. सर तीन दिवस बसले. खराब जागा ओलांडून पुढचं वाचायला लावत त्यांनी चार फ्लॉप्या पूर्ण आणि पाचवी अर्धी उतरवली. बाई म्हणाल्या, “माझ्याकडं परत ओल लागंल. तुमच्याकडंच राहू द्या.”

पुढे कॉलेजने एक महागडं सॉफ्टवेअर घेतलं. फुकटच्या वस्तूची जबाबदारी कोण घेणार, असं प्राचार्यांचं म्हणणं. सगळ्या इमेज त्यात भरा, जागेसाठी जुन्या पुसून टाका, असा आदेश निघाला. सरांनी हरकतीची दोन पत्रं दिली. आवक नोंदवहीत मीच ती चढवली. उत्तर आलं नाही. शेवटी सरांनी आदेश पाळला.

काही वर्षांनी त्या सॉफ्टवेअरच्या परवान्याची मुदत संपली. तोवर कंपनीच बंद पडली होती. आत भरलेलं काहीच उघडेना. मूळ फ्लॉप्या तर बुरशीने कधीच गेल्या होत्या. सर निवृत्त झाले होते, तरी दर गुरुवारी नाशिकातल्याच द्वारका भागातून येऊन खटपट करत. त्यातच बाईंचं पत्र आलं. वडील वारले, ती यादी शाळेतल्या मुलांसाठी छापायची आहे.

पत्राला उत्तर न लिहिता सर स्वतः हरसूलला निघाले. एकट्याने जाववेना, म्हणून मला सोबत नेलं. शाळेच्या ओट्यावर बसून त्यांनी कंपनीचं नावही काढलं नाही. म्हणाले, “बाई, इमेज चांगल्या होत्या. मी माझ्या हाताने पुसल्या.”

बाई म्हणाल्या, “एखादी कॉपी तरी आसंल ना, सर?”

“नाही.”

त्यानंतर सर चारच महिने जगले. त्या दिवशी परतीच्या एसटीत ते खिडकीतून घाटातली झाडं बघत होते. म्हणाले, “यातल्या एकाचंही नाव मला येत नाही.”

मलाही येत नव्हतं.