वरची खोली दिली त्या उन्हाळ्यात

प्रोश्पेर माझा शेजारी. एकेचाळीस वर्षं आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती. त्याच्याविषयी कुणी जाणत्या माणसाने लिहायला हवं होतं, पण त्याला ओळखणारे बहुतेक गेले. म्हणून मीच लिहितो आहे.

तो होड्या दुरुस्त करायचा. फळ्यांच्या फटीत ताग ठोकायचा, वरून डांबर लावायचा. काम वेळेवर दिलं तरी मालकाला म्हणायचा, "माफ करा हं, थांबावं लागलं तुम्हाला." दुसऱ्याला त्रास देणं त्याला जमायचं नाही. बायकोकडे मीठ मागतानाही आधी खाकरायचा.

त्या काळी आमच्या बेटावर उन्हाळी पाहुणे नुकते येऊ लागले होते. वरच्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आणि आपण खालच्या कोठीत, दारूची पिंपं आणि तेलाचे रांजण यांच्यामध्ये चटया टाकायच्या, असं घरोघर सुरू झालं. जुलै-ऑगस्टात अर्धं गाव कोठीत राहायचं. प्रोश्पेरच्या बायकोने, विंकाने, दोन उन्हाळे हे पाहिलं आणि तिसऱ्या वर्षी ती बोलली.

"पलीकडची ती मातेची आहे ना, ती न्हाणीघर बांधतेय. फरशा लावून! मी अजून परसात बादली घेऊन बसते. तुझे बाबा काय, खालीसुद्धा झोपतील."

त्याचे बाबा, म्हातारा येर्को, तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. वरच्या खोलीत, समुद्राकडच्या खिडकीखाली, त्याची खाट होती. त्याच खाटेवर त्याचा जन्म झाला होता, असं तो सांगायचा.

"जातो मी खाली," येर्को म्हणाला. "समुद्र पुष्कळ बघितला. आता ज्याला पैसे देऊन बघायचाय, त्याला बघू दे. वेडा दिसतो तो."

ऑस्ट्रियाहून कोलर नावाचं जोडपं आलं. सोबत पाच वर्षांची मुलगी. मी चार वर्षं जर्मनीत विटांच्या कारखान्यात काढलेली, त्यामुळे गल्लीचा दुभाष्या मीच. चांगली माणसं होती. मुलगी दिवसभर येर्कोपाशी कोठीच्या दारात बसायची. तो तिला दगडाने बदाम फोडून द्यायचा. दोघं आपापल्या भाषेत बोलायची आणि भांडायचीसुद्धा.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमाराला, येर्को कॉफी पिऊन आडवा झाला आणि गेला. मी धावत गेलो तेव्हा विंका त्याचे हात छातीवर ठेवत होती.

आमच्याकडे माणूस स्वतःच्या घरातून निघतो. वरच्या मोठ्या खोलीत त्याला ठेवतात, गल्ली रात्रभर त्याच्यापाशी बसते आणि दुसऱ्या दिवशी शवपेटी त्याच्याच उंबऱ्यावर तीनदा टेकवून बाहेर काढतात. असं न करता नेलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं.

"पाहुणे किनाऱ्यावर आहेत," विंका म्हणाली. "आत्ताच वर नेऊ या. आले की बेपो त्यांना समजावून सांगेल."

बेपो म्हणजे मी.

प्रोश्पेर वर गेला. मी त्याच्यामागे. दार उघडून तो तिथेच उभा राहिला. बापाच्या खाटेवर मुलीची बाहुली उशीवर डोकं ठेवून निजवलेली होती, गळ्यापर्यंत पांघरूण घालून. खुंटीवर बाईचा झगा. खिडकीत ओले पोहण्याचे कपडे. त्याने कशालाही हात लावला नाही.

"दोन आठवड्यांसाठी आलीत बिचारी," तो म्हणाला. "वर्षभर वाट बघितली असेल. आणि आपण त्यांच्या बिछान्यावर मढं ठेवायचं?"

"बिछाना तुझा आहे," मी म्हणालो.

"या आठवड्यात नाही."

मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं, किंवा त्याला खांदे धरून हलवायला हवं होतं. मी म्हणालो, "मग आमच्याकडे आणा." मला वाटलं मी मदत करतोय. आम्ही तिघाचौघांनी म्हाताऱ्याला फळीवर घालून मागच्या बोळातून माझ्या घरी आणलं, पाहुण्यांच्या नजरेस पडू नये म्हणून. विंका मागून येत होती, मोठ्याने रडायची सोय नव्हती म्हणून तोंडात डोक्यावरच्या रुमालाचं टोक धरून.

दुपारी चर्चमधली मयताची घंटा वाजली. कोलर अंगणात टरबूज कापत होता. त्याने मान वर करून मला विचारलं, "कोण गेलं?"

मी प्रोश्पेरकडे पाहिलं. तो पाण्याचा हंडा घेऊन उभा होता.

"सांग," तो म्हणाला, "गावातला एक म्हातारा."

मी तसंच सांगितलं. शब्दाला शब्द. कोलरने टोपी काढली आणि टरबुजाची एक फोड मला दिली. मी ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी येर्को माझ्या दारातून निघाला. उचलणाऱ्यांनी सवयीने पेटी माझ्या उंबऱ्यावर टेकवली. तेव्हा विंका मोठ्याने म्हणाली, "हा त्याचा नाही रे!" सगळे थांबले. पेटी तशीच धरून ठेवलेली. मग पाद्रींनी हाताने चला म्हणून खूण केली. गर्दीतून म्हाताऱ्या यरीनाचा आवाज आला, "स्वतःच्या घरात जन्मला आणि भाडेकरूसारखा निघाला." प्रोश्पेरने ऐकलं. त्याचे कान लाल झाले, पण मान वर झाली नाही.

तीन दिवसांनी मुलीने बदामवाले आजोबा कुठे गेले म्हणून हट्ट धरला. विंकाने आधी बोट आकाशाकडे केलं, मग टेकडीवरच्या दफनभूमीकडे. कोलरची बायको मटकन पायरीवर बसली. कोलर माझ्याकडे आला, आणि रागावलेला होता.

"तुम्ही मला एक म्हातारा म्हणालात! सांगितलं का नाही? आम्ही एक रात्र किनाऱ्यावर झोपलो असतो. होडीत झोपलो असतो. माझ्या आईला आम्ही आमच्याच खोलीतून नेलं. आम्ही काय माणसं नाही?"

मी ते सगळं प्रोश्पेरला सांगितलं. काही गाळलं नाही. तो बराच वेळ हातातल्या दोरीचा पीळ सोडत राहिला. मग म्हणाला, "विचार, त्यांना पाणी पुरतंय ना?"

न्हाणीघर झालं. हिरव्या फरशांचं. विंका त्यात फारशी रमली नाही, पण भाडेकरू घेणं थांबलं नाही, कारण आता सगळ्यांचंच तसं चाललं होतं. बदल झाला तो प्रोश्पेरमध्ये. नवे पाहुणे पिशव्या घेऊन अंगणात आले, की चावी देण्याआधी तो मला हाक मारायचा.

"बेपो, सांग त्यांना. या घरात कुणी मेलं तर एका रात्रीसाठी वरची खोली रिकामी करावी लागेल. चालत असेल तर राहा."

"अरे, धडधाकट माणसांना काय सांगतोयस!" विंका कपाळावर हात मारायची. "कोण मरतंय? मी? आधी तुला मारते, मग सांग."

गल्लीतल्या बायका हसायच्या. मातेची म्हणायची, "प्रोश्पेरकडे समुद्र, न्हाणीघर आणि मयत, तिन्ही एका भाड्यात." बरेचसे पाहुणे हसून हो म्हणायचे. मी मात्र प्रत्येक वेळी नीट, सावकाश भाषांतर करायचो. चुकलो का, अशी शंका यायची, तेव्हा पुन्हा सांगायचो.

एका वर्षी एक तरुण जोडपं घाबरलं. नुकतंच लग्न झालेलं. ती बाई म्हणाली, आम्हाला अशा घरात राहायचं नाही. विंका वरून ओरडत होती, "घालवलेस ना! आता महिनाभर रिकामी राहणार खोली!" प्रोश्पेरने त्यांची माफी मागितली, दोन्ही पिशव्या स्वतः उचलल्या आणि त्यांना खाली बंदरावर, दुसऱ्या घरी सोडून आला.

परत आल्यावर तो वर गेला. मी भिंतीपलीकडून येर्कोची खाट करकरल्याचा आवाज ऐकला. समुद्राकडची खिडकी उघडली गेली. विंकाने जेवायला दोनदा हाक मारली, पण संध्याकाळपर्यंत तो खाली आला नाही.