निवदाआधीच्या पोळ्या

तीस वर्षे आईपासून जे लपवले, ते आधी सांगतो. तिने पाठवलेल्या पुरणपोळ्या मी कधीच खाल्ल्या नाहीत. टाकून दिल्या, आणि खाल्ल्या असे सांगितले.

अठराव्या वर्षी औंधजवळचे आमचे गाव सोडून मी मिरजेला इस्पितळात लॅबचे काम शिकायला निघालो. वडील उसाला पाणी देत होते. ते आले नाहीत. आई मात्र एसटीत चढली आणि माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंना म्हणाली, "पोरगं लाजरं हाय. जेवलं का, तेवढं इचारा." अख्खी गाडी हसली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

मिरजेत मी प्रभू येशूच्या चरणी आलो. बाप्तिस्म्याचे कळल्यावर वडील बोलेनासे झाले. आईने एकच विचारले, "तुझा देव आईला भेटू देतो न्हवं?"

दर वर्षी यमाईच्या यात्रेला बोलावणे येई. मी कधी उपासना, कधी ड्यूटी पुढे करी. मग दवाखान्यासाठी मिरजेला येणाऱ्या गावातल्या कुणाच्या तरी हाती आई पोळ्यांचा डबा धाडी. देवीला निवद दाखवल्याशिवाय आमच्या घरी कुणी घास घेत नसे. म्हणजे या पोळ्या मूर्तीला वाहिलेल्या, असे मी धरून चाललो; आणि मूर्तीला वाहिलेले आम्ही खात नाही. त्या क्वार्टर्समागच्या कचराकुंडीत जात. रिकामा डबा परत देऊ नये, एवढी रीत मात्र पाळून मी त्यात मूठभर साखर घाली. भेटीत आई विचारी, "मऊ हुत्या का रं?"

"लय मऊ."

रोज पापांची क्षमा मागणाऱ्या माझ्या प्रार्थनेत हे खोटे कधी आले नाही.

यंदा आईला चुलीपुढे बसवत नाही असे कळले, म्हणून तिला बघायला यात्रेच्या आदल्या दिवशी गावी गेलो. वहिनी पुरण वाटताना थट्टेने म्हणाल्या, "भावजी, तुमच्यापायी आत्याबाईंनी लय बोलणी खाल्ली. निवदाआधीच तुमच्या पोळ्या बाजूला काढायच्या. मामंजी चिडायचं, देवीच्या आधी ह्येला? ह्यो काय देवीचा जावई हाय?"

"निवदाआधी?"

"मग? तुमास्नी म्हाईत न्हाई व्हय? त्या म्हणायच्या, त्येच्या देवाला न्हाई चालायचं. देवी माझीच हाय, ती घील समजून."

माझी श्रद्धा आजही तीच आहे. चर्चच्या मंडळीचा मी पंच आहे. पण देव की आई, असा पेच मी आयुष्यभर मानला, आणि तिने तो स्वयंपाकघरातच सोडवून ठेवला होता. माझ्यासारखे जे गाव सोडून गेले, त्यांना एवढेच सांगेन: आपल्याला न विचारता, न सांगता जिथे आपल्या देवाचीही सोय कुणी केलेली असते, ते घर.

आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी शेजारी बसलो.

"आई, तुझ्या पोळ्या मी कवाच खाल्ल्या न्हाईत. टाकल्या. दर वर्षी खोटं बोललो. माझं चुकलं, आई. मला माफ कर."