चुकलेल्या ठोक्याची परवानगी

आमच्या गल्लीतला मिक्सिंगवाला रिकामी खुर्ची ओढायलाबी "घेऊ का, मामा?" म्हणतोय. बाकीचे डीजेवाले कुणाचीबी हलगी न विचारता गाण्यात घालत्यात. ह्यो मातर माझ्याकडं इचारायला आला. लग्नात हलगी वाजवताना मी चपलंत अडकलो आन ठोका चुकला, त्यो त्याच्या मोबाईलात रेकॉर्ड झालेला, आन नेमका त्योच त्याला गाण्यात पायजे हुता. मंडळाची पोरं गाण्यासाठी खोळंबलेली, तरी म्हणतोय, "हात तुमचा हाय, मामा. न्हाय म्हणला तर काढून टाकतो."

मी फुगलो. "घे की, पण आदी माझं नाव घाल."

आता मिरवणुकीत माझं नाव दणाणतंय, लगीच ती चूक. बायको म्हणती, "लोक चुका झाकत्यात, तुमी नावानिशी वाजवताय व्हय?"

काल ह्यो परत दारात. "मामा, दुसऱ्या गाण्यात घेऊ का?"

"घे की. ह्या खेपंला आडनावबी घाल."