मिठागरातला मांडव

वाऱ्याच्या बाजूने भांडणारा मी पाहिलेला एकमेव माणूस म्हणजे आमचे घरमालक. बाकीचे लोक स्वतःसाठी भांडतात, पोरांसाठी भांडतात, फार तर पक्षासाठी. हे गृहस्थ मात्र सूर्य, वारा आणि भरतीचं पाणी या तिघांचं वकीलपत्र घेतल्यासारखे दिवसभर संतापलेले असत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर नेरुळजवळच्या एका गावात, त्यांच्या तीन मजली घरात आम्ही भाड्याने राहत होतो. जमिनी नव्या शहरासाठी गेल्यावर गावातल्या लोकांनी घरं बांधली, डंपर घेतले, सफारी शिवल्या. आमच्या घरमालकांनी, म्हणजे काकांनीही घर बांधलं. पण उरणच्या वाटेवर, खाडीला लागून उरलेलं वडिलांचं छोटंसं मिठागर काही सोडलं नाही. तीन मजल्यांचा हा मालक रोज सकाळी लुंगी गुडघ्यावर खोचून चिखलात उतरे आणि संध्याकाळी जिन्यात जो सापडेल त्याच्यावर दिवसभराचा राग रिकामा करी.

पहिला राग डिझेलवर. शेजारच्या आगरवाल्यांनी खाडीचं पाणी वाफ्यांत चढवायला डिझेलचे पंप आणले, तेव्हा काकांनी भंगारातल्या पिंपांचे पत्रे कापून स्वतःची पवनचक्की उभी केली. ती फिरताना करकचून ब्रेक लावलेल्या सायकलीसारखी ओरडे, आणि काका मान डोलावत ऐकत. मी एकदा विचारलं, "काका, वारा पडला तर?" माझ्या शिक्षणाची कीव करत ते म्हणाले, "तं थांबायचा. मीठ काय पलून जातंय?" दुसरा राग कारखान्यातल्या मिठावर. आमच्या स्वयंपाकघरात एकदा त्यांना पिशवीतलं पांढरंशुभ्र मीठ दिसलं. चिमूट जिभेवर ठेवून ते माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, वर फुकटचा सूर्य जलतोय, आनि ही मान्सं मीठ कोलशावर शिजवतान! ही पावडर भिंतीला लावा." उन्हाचा त्रास होतो म्हणून तिने पश्चिमेच्या खिडकीला पडदा लावला, तर दुसऱ्या दिवशी स्वारी दारात हजर. "वाऱ्याला दार लावलाव?" पडदा निघाला. आम्ही पुढची सगळी वर्षं दुपारी भाजून निघालो.

पण सगळ्यांत मोठा राग चपलेवर. पावसाळा संपला की वाफ्यांची जमीन अनवाणी पायांनी आठवडेच्या आठवडे तुडवायची. इतकी, की ती फरशीसारखी घट्ट व्हावी. मग पाणी जिरत नाही आणि मिठात माती येत नाही. त्या जमिनीवर पायताण म्हणजे काकांच्या लेखी खून. मुलीचे सासरे बूट घालून आगर बघायला आले, तर त्यांना बांधावरच थांबवून हे म्हणाले, "व्याही तुमी घरात. हितं पायतान काढा." व्याह्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि पुढे वर्षभर बोलणं सोडलं. काकांना ही देवघेव फायद्याची वाटली.

असा हा माणूस उद्घाटनाला तयार झाला, यावर गावाचा विश्वास बसेना. झालं होतं असं, की आगराच्या दोन्ही बाजूंना ट्रक भराव टाकू लागले होते. बंदरातले कंटेनर ठेवायला जागा हवी होती, आणि मध्ये हा वाफ्यांचा तुकडा डोळ्यांत खुपत होता. तशात अपारंपरिक ऊर्जेच्या कुठल्याशा कचेरीतला एक साहेब पवनचक्की पाहून गेला आणि म्हणाला, "उद्घाटन करून हा आदर्श प्रकल्प जाहीर करू. मग तुमच्या आगराला कोणी हात लावणार नाही." काका म्हणाले, "बापाच्या बापापासून चाललाय, त्याचा उद्घाटन कसला?" पण आगर वाचतंय म्हटल्यावर त्यांनी लग्नातला कोट काढला.

समारंभाच्या सकाळी प्रमुख पाहुण्यांच्या स्वागतासाठी त्यांना हार देऊन हमरस्त्यावर उभं केलं होतं. मीही सोबत होतो. गाड्यांच्या मागोमाग आम्ही आगरावर पोहोचलो आणि काका जागच्या जागी थिजले. बांध अरुंद, म्हणून मांडववाल्याने मांडव थेट वाफ्यात घातला होता. तुडवून तुडवून गुळगुळीत केलेल्या त्या जमिनीत पहारीने खड्डे करून बांबू रोवले होते, वर लाल गालिचा अंथरला होता, आणि गालिच्यावर वीसेक जोडी बूट खुर्च्या शोधत होते.

"साहेब, पायतान!" काका ओरडले.

"काका, प्लीज, फोटो चाललेत," साहेब म्हणाला.

त्यात वारा नव्हता. पाहुण्यांनी विचारलं, "चक्की फिरत का नाही?"

"वारा चारला येतो," काका म्हणाले.

"पाहुण्यांना तीनला पनवेलला दुसरा कार्यक्रम आहे," साहेब म्हणाला.

"मंग वाऱ्याला सांगा ना! तो काय माजा गडी हाय?"

कचेरीने सोय आधीच केलेली होती. पाहुण्यांनी बटण दाबलं आणि कनातीमागे दडवलेला डिझेल पंप धडधडला. पाणी आलं, टाळ्या झाल्या. धुराने खोकत पाहुणे स्वच्छ ऊर्जेवर अर्धा तास बोलले. आजही ते आठवलं की माझं डोकं तापतं. ज्याच्या अंगणात हे चाललं होतं, त्याला शाल आणि नारळ देऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं होतं. भाषणात भरावाचा शब्दही निघाला नाही.

चार वाजता वारा आला. मांडव निघाला होता, भोकं तशीच होती. चक्की ओरडू लागली, पाणी वाफ्यात शिरलं आणि त्या भोकांवर बुडबुडे काढत खाली जाऊ लागलं. काका आता सगळं गाव डोक्यावर घेतील म्हणून मी वाट पाहत राहिलो. त्यांनी कोट काढून बांधावर ठेवला, पाणी थांबवायला दोरखंडाने चक्कीची पाती बांधली आणि वाफ्यात उतरून पायाने माती सारायला लागले. मी चपला काढल्या. थोड्या वेळाने काकूही आल्या.

पुन्हा तुडवण्यात हंगाम सरत गेला. मीठ पडू लागलं तेव्हा ढग जमायला लागले होते. त्या कचेरीतून परत कोणी फिरकलं नाही. ट्रक मात्र रोज येत.

मेअखेरीस काका वाटी घेऊन वर आले. मीठ थोडंच होतं, करड्या रंगाचं. नेहमी तावातावाने आत घुसणारा हा माणूस त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. बायकोने वाटी घेतली तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "वहिनी, यंदा जरा माती लागंल. माफ करा."

त्या समारंभाबद्दल माफी मागणारे ते एकटेच.