मूळ पुरुषाचा चेहरा

आमच्या गावाच्या मूळ घराण्यांचं एक पुस्तक आहे. १९७९ साली चर्चच्या सणाला ते निघालं. वसईच्या पश्चिमेकडच्या गावांतलं असं हे पहिलंच पुस्तक, असं प्रस्तावनेत म्हटलंय. खरंखोटं देव जाणे. त्यात आमच्या घराण्याचं एक पान आहे. पानावर कोट-टाय घातलेल्या एका माणसाचा फोटो आणि खाली नाव: कै. सेबेस्टियन, घराण्याचे मूळ पुरुष. सेबेस्टियन म्हणजे माझा आजा. पण फोटोतला माणूस आजा नव्हे, तो माझा पास्कलकाका आहे. फोटो काढला तेव्हा तो चांगला धडधाकट होता. हे सांगताना मला अजून संताप येतो, पण सांगितल्याशिवाय राहवतही नाही.

आजा तरुणपणी पापडीकडून इथे आला आणि आमच्या पाखाडीतलं, म्हणजे या वस्तीतलं, पहिलं घर त्याने बांधलं. वाळूत विहीर पाडली, पानवेली लावल्या. तो गेला तेव्हा तीन मुलांतला थोरला पास्कल तिसरीत होता. त्याची शाळा तिथेच सुटली आणि वाडी गळ्यात पडली. मधले प्लासिड म्हणजे माझे बाबा शिकून मास्तर झाले. धाकटे कॉन्रॅडकाका मुंबईला कंपनीत लागले आणि वांद्र्याला घर करून राहिले. दोघांच्या शिक्षणाला वाडीनेच हातभार लावला, आणि वाडी म्हणजे पास्कलकाका. पानवेल ही लाडावलेली जात. तिला रोज पाणी हवं, वाढली की खाली उतरवून पुन्हा केळीच्या सोपटाने बांधायला हवी. ते बांधून बांधून काकाच्या बोटांना कायमचे घट्टे पडले होते.

म्हणून तो काही साधुपुरुष नव्हता. भावांसाठी आपण राबतो हे तो जेवताना रोज ऐकवायचा. पाटाच्या पाण्यावरून शेजाऱ्यांशी त्याचं वर्षातून एकदा तरी वाजायचंच. त्याने लग्न का केलं नाही, याच्या आमच्या घरात दोन हकिगती होत्या. आई म्हणायची, भाऊ मार्गी लागेपर्यंत त्याचं वय निघून गेलं. बाबा म्हणायचे, त्याच्या तोंडामुळे कुणी मुलगी दिली नाही. दोन्ही खऱ्या असाव्यात.

आणि त्याला मिरवायची भारी हौस. एरवी अंगावर लंगोटी, पण सणाला पांढरी पँट, डोक्याला चपचपीत तेल आणि खिशात छोटा आरसा. तरी त्याचा एकही फोटो नव्हता. घरातल्या प्रत्येक लग्नाचा फोटो मी नीट पाहिलाय. माझ्या आईबाबांच्या लग्नातसुद्धा तो नाही. फोटोच्या वेळी त्याला मांडवामागे चुलीपाशी काहीतरी काम निघायचंच, आणि ते काम काढणारा कधी तो स्वतः नसायचा.

पुस्तकाची समिती बसली तेव्हा निवृत्त हेडमास्तर फ्रेडरिक सर तिचे अध्यक्ष होते. त्यांनी नियम केला की प्रत्येक जुन्या घराण्याला एक पान, वर मूळ पुरुषाचा फोटो. फोटो नसेल त्याला अर्धं पान. आमच्या आज्याने जन्मात कॅमेरा पाहिला नव्हता. पण शेजारचं घराणं आमच्यानंतर गावात आलं आणि त्यांच्याकडे फोटो होता. त्यांना पूर्ण पान आणि आपल्याला अर्धं, हे बाबांच्या जिव्हारी लागलं. मग एका रविवारी कॉन्रॅडकाकांनी जेवता जेवता तोड काढली. पास्कल हुबेहूब आज्यासारखा दिसतो, असं सगळेच म्हणतात, मग अडलंय कुठे? आई म्हणाली, त्याला निदान विचारा तरी. बाबांचं मत पडलं की विचारलं की तो तमाशा करील.

मी तेव्हा लग्न होऊन गोखिवऱ्याला राहत होते. हे सगळं आईने मला पुस्तक निघाल्यावर सांगितलं.

काकाला एवढंच सांगण्यात आलं की पुस्तकासाठी तुझा फोटो काढायचाय. वसईहून फोटोवाला आला. कॉन्रॅडकाकांचा कोट काकाच्या खांद्यांना बसेना, म्हणून मागून टाके उसवून टाचण्या लावल्या. खाली लंगोटीच होती, ती फोटोत येणार नव्हती. काका म्हणे श्वास रोखून इतका वेळ ताठ उभा राहिला की फोटोवाल्याला सांगावं लागलं, झालं, आता हला. नंतर स्टुडिओत फोटोवर ब्रश फिरला. केस काळे झाले, मिशी जाड झाली आणि आज्याने उभ्या आयुष्यात न पाहिलेला टाय गळ्यात आला.

पुढे वर्षभर काकाने सगळ्या पाखाडीचे कान किटवले. अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणारी रंभा त्याला चिडवायची की पुस्तक निघाल्यावर आता बायको शोधायला हरकत नाही. तो लटकं रागवायचा आणि खूश व्हायचा. मी माहेरी आले की मलाही विचारायचा, पुस्तकातला फोटो रंगीत असतो की काळा? साठीच्या माणसाच्या तोंडावर मी इतका आनंद क्वचितच पाहिलाय.

सणाच्या दिवशी मिस्सा झाल्यावर पुस्तकं वाटली. काका पुढच्या बाकावर होता. त्याने आपलं पान काढलं आणि कितीतरी वेळ नुसता फोटोच पाहिला. मग तिसरी शिकलेला तो माणूस अक्षरांखाली बोट धरून वाचायला लागला. आज्याचं नाव, जन्म, मृत्यू १९२९. पुत्र श्री. प्लासिड, शिक्षक, आणि श्री. कॉन्रॅड, मुंबई. सगळ्यात शेवटी एक ओळ: ज्येष्ठ पुत्र अविवाहित राहिले. तिथे नाव नव्हतं.

पुस्तक काखेत मारून तो तडक घरी आला. घरी ओटीवर बाबा आणि कॉन्रॅडकाका पाहुण्यांना सरबत देत होते. काका अंगणात उभा राहिला.

"मी मेलो, नि मना कोनी सांगितला पन नाय," तो म्हणाला.

पाहुणे हसले. त्यांना ती थट्टा वाटली. बाबांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं, की वडिलांचा मान तुझ्या चेहऱ्याला मिळाला, यात वाईट काय झालं. काकाने विचारलं की मग माझं नाव का नाही. बाबा घरातही पुस्तकी बोलायचे. ते म्हणाले, "पास्कल, तुझ्यामागे आहे कोण, पुस्तक उघडून तुझं नाव शोधायला?"

मी त्यांच्या मागेच उभी होते. मास्तरकीत जन्म घालवलेल्या माझ्या बापाने आपल्या थोरल्या भावाला हे ऐकवलं. काकाच्या तोंडून एक शिवी निघाली नाही, आणि तेव्हाच मला कळलं की घाव खोल गेलाय.

दुसऱ्या दिवशी तो वाडीत गेला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाबा बोलवायला गेले तर त्याने शांतपणे सांगितलं, "मेलेला मानूस पानी नाय शिंपीत." पुढे हे त्याने शब्दशः पाळलं. ओटीवर बसायचा, जेवायचा, बिडी ओढायचा. बाबांनी चिंचोटीकडून मजूर आणले, पण पानवेलीला हात कसा लावायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि बाबांना त्याहून नव्हतं. उन्हाळ्यात वेली वाळल्या. काका रोज ओटीवरून ते बघत होता. त्याला दुःख होत नव्हतं असं नाही. आई सांगायची की तो तिकडे पाठ करून जेवायचा. पण तो उठला नाही. बाबांनी गावभर सांगितलं की म्हातारपणी पास्कलचं डोकं फिरलंय. पुढे वाडी बिल्डरला गेली.

मी फ्रेडरिक सरांकडे गेले. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि कबूलही केलं की चूक झाली. घरातल्या मोठ्या माणसाने लेखी दिलं तर उरलेल्या प्रतींत दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवू, म्हणाले. मी म्हटलं, घरात मोठा पास्कलकाकाच. सर चष्मा पुसत म्हणाले की त्यांचं नाव आमच्या नोंदीत नाही, ज्यांचं आहे त्यांनी द्यायला हवं. ज्यांचं होतं ते माझे बाबा, आणि बाबांनी दिलं नाही. मी काकाला म्हटलं, चल, वसईला जाऊन तुझा खरा फोटो काढू, तुझ्या सदऱ्यात, तुझ्या पांढऱ्या केसांनिशी. त्याने मान हलवली. एकदा मेल्यावर पुन्हा फोटो कशाला, म्हणाला.

१९८३च्या हिवाळ्यात तो खरोखर गेला. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत सगळ्यांचे फोटो असतात, त्याचा नव्हता. होता तो एकच फोटो, आणि तो लोकांनी पुस्तकातला मूळ पुरुष म्हणून ओळखला असता. गावातल्या बहुतेकांसारखंच त्याला सर्वांच्या रांगेत पुरलं. तिथे काही वर्षांनी खड्डा पुन्हा उघडतात, हाडं भिंतीकडेच्या सामाईक विहिरीत टाकतात आणि जागा नव्या माणसाला देतात.

पुढच्याच वर्षी बाबा आणि कॉन्रॅडकाकांनी वाडीच्या पैशातून सिमेटरीत कायमची जागा घेतली. आज्याची कबर केव्हाच नाहीशी झाली होती, तरी त्याच्या नावाचा संगमरवर बसवला आणि वर चिनी मातीच्या गोल तबकडीत तो कोट-टायवाला फोटो. खाली जमीन कोरी होती. तिथे कुणीच नव्हतं.

१९८८ साली सिमेटरीच्या माणसाने घरी निरोप दिला, पास्कलची जागा उघडतोय. मी गोखिवऱ्याहून धावत आले. बाबांपुढे मी आयुष्यात कधी हात जोडले नव्हते, त्या दिवशी जोडले. म्हटलं, बाबा, आपली जागा रिकामी आहे, वर चेहराही त्याचाच आहे, त्याची हाडं तेवढी तिथे ठेवू या. गावाला पत्ताही लागणार नाही.

बाबांनी माझे जोडलेले हात धरून खाली केले. मला वाटलं, पाझर फुटला. मग ते म्हणाले, "हेलन, त्या दगडावर त्याचं नाव कुठे आहे?"

दुपारी हाडं विहिरीत गेली. बाबा आले नाहीत, मी एकटीच उभी होते.